ब्रिंग अप, व्हाया?

पाटी: थ्रो अप

"आय... हॅव... बीन... थ्रोइंग... अप," आप्पा म्हणाले आणि सवयीनं पुढे जोडलं, "प्रवाशांनी नोंद घ्यावी."

"आप्पा, तुम्ही पेशंट आहात."

"व्हय."

"तुम्हाला सकाळपासून उलट्या होतायत."

"व्हय की. आत्ता काय सांगितलं मग?"

"असं सांगतात? उलट्या होणारा माणूस ताठ बसून एकेक शब्द सुटा करून बोलतो?"

"मग पब्लिकला कळायचं कसं?"

आप्पा मिरजेच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे खिडकीत बसून गाड्यांची आवक-जावक बघायची आणि माईकवर ती पुकारायची. नोकरी संपली तरी पुकारणं संपलं नाही. छापील अक्षर दिसलं की ते मोठ्यानं वाचायचे. चुरमुऱ्यांच्या पुड्याचा कागद, गॅसच्या टाकीवरची सूचना, माझ्या साडीच्या पिशवीवरचा दुकानाचा पत्ता. मी त्यांच्या हातात इंग्रजी वाक्यांची कार्डं दिली, देवनागरीत लिहून, आणि त्यांनी तीही पुकारायला घेतली.

"इंग्लिश प्लीज, आप्पा," मी म्हणायची. रोल-प्ले सुरू असताना मराठी बोलायचं नाही, हा नियम माझा होता.

"येस सिस्टर," आप्पा म्हणायचे.


पाटी: कीप डाऊन

हे आधी सांगायला हवं होतं.

मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स होते आणि मला आयर्लंडला जायचं होतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा होती. लिहिणं, वाचणं, ऐकणं सगळं जमलं. बोलण्यात नापास झाले. बोलण्याची परीक्षा म्हणजे रोल-प्ले. समोर परीक्षक पेशंट बनून बसतो, आपण नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं.

माझा पेशंट कपाळाला हात लावून म्हणाला, "सिस्टर, आय कान्ट कीप एनिथिंग डाऊन."

काहीच खाली ठेवता येत नाही. मी त्याच्या हातांकडे बघितलं. हातात कार्ड होतं. मी अगदी मायेनं म्हटलं, "नो प्रॉब्लेम, सर. प्लीज कीप इट ऑन द टेबल."

सूसन मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. केरळहून लग्न होऊन आलेल्या, मराठी शिकल्या त्या आपल्या मुलांकडून, त्यामुळे सगळ्यांना 'तू'.

"त्याच्या पोटात काय राहत नाही, करुणा! खातो, बाहेर येतो. तुला 'व्हॉमिटिंग' पाठ आहे, 'नॉशिया' पाठ आहे. पेशंट पुस्तक बोलतो काय? तुझा बाप पोट दुखला तर काय म्हणतो?"

"पोटात कळ आली म्हणतात."

"हां. 'उदरशूल' म्हणतो काय?"

मग त्यांनी सगळ्या क्लाससाठी फळ्यावर लिहिलं: कम, गो, गेट, पुट, ब्रिंग, थ्रो, पास, टर्न. खाली दुसरी ओळ: अप, डाऊन, ऑन, ऑफ, आऊट, ओव्हर, राऊंड. म्हणाल्या, वरचे शब्द तुम्हाला पहिलीपासून येतात, खालचेही येतात. दोन्ही जोडले की तुम्हाला काही येत नाही. हे जोडून यायला लागेल तेव्हा माझ्याकडे या, तोवर घरी जाऊन बोला.

घरी बोलणार कुणाशी? माझ्याबरोबर तयारी करणारी मुमताज माझ्या आधी पास होऊन गेली होती. घरात होते आप्पा. सातवीपर्यंतचं इंग्रजी, आणि दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडत रिकामे.


पाटी बदलली

आप्पांनी ती भानगड माझ्याआधी सोडवली. सोडवली म्हणजे त्यांनी तिला स्टँडवर आणून उभं केलं.

"थांब, थांब. हे 'पास' हाय न्हवं? ही गाडी. गाडी तीच, डायवर तोच. पाटी 'आऊट'ची लावली तर कुठं जाती?"

"बेशुद्ध पडणे."

"हॅ! पासआउट म्हंजे कॉलेज सुटणं. जोशी मास्तरांचा पोरगा पासआउट झाला न्हवं इंजिनिअरिंगला?"

"ते आपल्याकडे. तिकडे पासआउट म्हणजे चक्कर येऊन पडणे."

"आन् पाटी 'अवे'ची लावली तर?"

"वारणे."

आप्पांनी शेंग फोडायची थांबवली. "कसली गाडी म्हणायची ही? एक पाटी बदलली की कॉलेजातनं थेट मसणवाटा. पब्लिक चढतंय कसं यात?"

पण त्यांना ते आवडलं. मग रोज दुपारी मी ड्युटीवरून आले की ते विचारायचे, आज कुठल्या कुठल्या गाड्या? गेट ओव्हर, गेट ऑन, गेट बाय. "गेट बाय म्हंजे?" "कसंबसं भागवणे." "हां, ही आपली गाडी."

त्याच दिवसांत त्यांनी आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी नेली. उजेड चांगला येतो, अक्षर दिसतं, म्हणाले. कार्ड तोंडासमोर धरून वाचायचे, अगदी ओठांना टेकवून. मी म्हणायची, आवाज दबतो, खाली घ्या. "माईक जवळच धरत्यात," ते म्हणायचे. पाण्याचा पेला त्यांनी वेगळा केला, त्याच्याभोवती लाल दोरा बांधला. विचारलं तर म्हणाले, तुझे पेले गुळगुळीत, हातातनं सटकत्यात. आवाज बसला होता. तो त्यांच्या मते स्टँडवर घालवला होता, सगळ्या कंट्रोलरांचा जातो.


पाटी: ब्रिंग अप

या शब्दानं आमचं भांडण झालं.

"ब्रिंग अप," मी म्हटलं, "म्हणजे मुलांना वाढवणे. शी ब्रॉट अप थ्री चिल्ड्रन."

"लिव्हलं."

"दुसरा अर्थ, पोटातून किंवा छातीतून वर येऊन बाहेर पडणे. अन्न, कफ."

"थांब. पाटी बदल की."

"पाटी तीच. ब्रिंग अप."

"एका पाटीला दोन गावं?"

"तीन. तिसरा अर्थ, विषय काढणे."

आप्पा खरंच चिडले. कार्ड मांडीवर आपटलं. "आमच्या स्टँडवर असं केलं असतं तर लोकांनी हाफिस पेटवलं असतं. एक बाई पोर वाढवायला चढली आन् उतरली कुठं तर वकायला?"

"मराठीत नाही का? 'काढणे' बघा. विषय काढतो, दिवस काढतो, चहासुद्धा कुणासाठी तरी काढून ठेवतो."

"ते मराठी हाय. ते आपल्याला कळतंय."

"कसं कळतं?"

त्यांनी एक शेंग फोडली. मग त्यांचा चेहरा उजळला. "व्हाया! आगं, कोल्हापूरची पाटी असती, पण एक जयसिंगपुरावरनं जाती, एक दुसरीकडनं. जाणता माणूस पाटी वाचून चढत न्हाई, व्हाया विचारतो. म्हंजे ब्रिंग अप कुणी म्हणालं तर आदी विचारायचं, व्हाया?"

"बरोबर. मागचंपुढचं वाक्य बघायचं."

"तेच म्हणतो मी." त्यांनी कार्ड उचललं. "आता विषय काढायचं वाक्य कर."

मी पेन उचललं तोवर त्यांनीच केलं, मराठीत, कार्डाकडे बघत.

"तुझ्या आईचा विषय आपण घरात काढत न्हाई. ते काय, 'डू नॉट ब्रिंग अप'?"

"वुई डोन्ट ब्रिंग हर अप," मी म्हटलं.

"बरोबर हाय का वापर?"

"बरोबर आहे."

शेंगांची टरफलं त्यांनी सुपात गोळा केली, पुन्हा पसरली. नंतर सहज विचारावं तसं विचारलं, "ते दुसरं व्हाया. कफ पडला तर ब्रिंग अप. आन् रक्त पडलं तर? त्याला निराळी गाडी असंल."

"नाही. तेही ब्रिंग अपच. ब्रिंग अप ब्लड."

"तेबी हेच. बरं झालं," आप्पा म्हणाले. "लक्षात ठेवायला सोपं."


पाटी: पुट ऑफ

पुढे ढकलणे. परीक्षेची तारीख आली होती, पुण्याला जायचं होतं. आप्पांनी माझी बॅग माळ्यावरून काढून उन्हात ठेवली, तिच्या चेनला मेण लावलं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "समज, एखादीच्या घरात काही अडचण निघाली, तर परीक्षा पुट ऑफ करता येती?"

"येते. पुढची तारीख मिळते. पण मी का करू?"

"तू करू नको म्हणूनच विचारलं."

हे त्यांचं वाक्य मला तेव्हा नुसतं वाकडं वाटलं. ते बोलायचेच तसे.


पाटी नसलेली गाडी

निघायच्या आदल्या दिवशीची दुपार. मी रजा घेऊन घरी होते. म्हटलं, शेवटचा एक रोल-प्ले करू, सोपा. कार्ड होतं गुडघ्याचं. म्हातारा माणूस बाथरूममध्ये पडलाय, गुडघा सुजलाय. फेल ओव्हर, स्वोलन अप, एवढंच.

आप्पा दाराशी खुर्चीत बसले. खांद्यावर टॉवेल. मी समोर पाट घेतला. पेशंटपेक्षा उंच बसायचं नाही, असं सूसन मॅडम सांगत.

"गुड आफ्टरनून. आय ॲम सिस्टर करुणा. हाऊ कॅन आय हेल्प यू टुडे?"

"सिस्टर, आय ॲम ब्रिंगिंग अप ब्लड."

"आप्पा, हे गुडघ्याचं कार्ड आहे. आणि 'आय ॲम' नाही, 'आय हॅव बीन'. पुष्कळ दिवस चाललेलं असतं तेव्हा..."

"आय हॅव बीन ब्रिंगिंग अप ब्लड," त्यांनी सुधारलं. "सिन्स गणपती."

सगळी कार्डं मी लिहिली होती. एकाही कार्डात गणपती नव्हता.

मग दिसलं की त्यांनी कार्ड उलटं धरलंय, कोरी बाजू स्वतःकडे करून. ते वाचत नव्हते. आणि शब्द सुटे झाले नव्हते. सगळं वाक्य एका दमात, खालच्या आवाजात, माणूस बोलतो तसं आलं होतं.

"आप्पा?"

"इंग्लिश प्लीज, सिस्टर."

मी उठायला गेले. त्यांनी तळहात पुढे केला, गाडीला थांबवतात तसा, आणि टॉवेलचं टोक तोंडावर घेतलं. तेव्हा कुठं ती खुर्ची, तो दोरा बांधलेला पेला, ते ओठांना टेकवलेलं कार्ड सगळं माझ्यासमोर एका रांगेत येऊन उभं राहिलं.

मी पुन्हा पाटावर बसले.

याच स्वयंपाकघरात, मोरीशी उभी राहून, आईनं एकदा म्हटलं होतं, "अहो, रक्त पडतंय वाटतं." मी लहान होते, पाटावरच बसले होते. तिनं सांगायला फार उशीर केला होता. त्यानंतर ते वाक्य या घरात मराठीत कुणी बोललं नाही. आप्पांना ते मराठीत बोलता येणारच नव्हतं. त्यांनी दुसरी गाडी येण्याची वाट पाहिली होती.

"हाऊ मच ब्लड?" मी विचारलं.

त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "वन स्पून. समटाइम लेस."

"एव्हरी डे?"

"नो, नो. टर्न्स अप." अधूनमधून उगवतं. बरोबर वापरलं होतं.

"एनी फीवर?"

"इव्हिनिंग. कम्स ऑन. मॉर्निंग, गोज ऑफ."

"हॅव यू लॉस्ट वेट?"

आप्पांना हा प्रश्न माहीत नव्हता. मी हातानं दाखवलं. त्यांनी कमरेचा करगोटा चाचपला, विचार केला आणि म्हणाले, "लेंगा कम्स डाऊन."

मला हसू आलं. त्यांनाही आलं, आणि हसण्याचा खोकला झाला. ते दाराबाहेर वळले, टॉवेल घट्ट धरून. मी जागेवर बसून राहिले. खोकणाऱ्या पेशंटला घाई करायची नाही. घोटभर पाणी द्यायचं. लाल दोऱ्याचा पेला मी त्यांच्या पुढे सरकवला.

"हॅव यू टोल्ड एनीवन?"

"नाऊ. यू."

"युअर डॉटर इज अ नर्स."

"येस. गुड नर्स." त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला. "शी हॅज एक्झाम. इफ आय टेल, शी विल पुट ऑफ."

"शी शुड नो."

"सिस्टर," आप्पा म्हणाले, "प्लीज. डोन्ट टेल माय डॉटर."

पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. अशा वेळी म्हणायचं एक वाक्यही क्लासमध्ये घोकलं होतं: आय कॅन सी दिस इज व्हेरी हार्ड फॉर यू. दरवेळी मॅडम ओरडायच्या, पोपट आहेस काय, पोपट! आज मी ते म्हटलं आणि ते अर्ध्यात अडकलं.

आप्पा थांबले. मला वेळ दिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "आय विल पुल थ्रू?"

'पुल थ्रू' मी त्यांना कधी शिकवलं होतं, आठवेना. कार्डांच्या गठ्ठ्यातून एकटेच कधीतरी शोधून, पाठ करून ठेवलं असणार. परीक्षेत इथं पेशंटला 'तुम्ही नक्की बरे व्हाल' म्हटलं की मार्क जातात. जे माहीत नाही त्याचा भरवसा द्यायचा नाही.

"वुई विल फाइंड आऊट," मी म्हटलं. "टुडे."

"टुमारो यू हॅव..."

"टुडे."

त्यांनी मान हलवली. कार्ड सरळ केलं, गुडघ्याची बाजू वर आली. रोल-प्ले संपला असं ठरवून ते शेंगांच्या सुपाकडे वळले. मला मात्र राहवेना. इतके दिवस रोज दुपारी समोरासमोर बसत होतो. डबे भरले, बॅगेला मेण लावलं, एवढ्या गाड्या आल्या नि गेल्या.

"व्हाय डिडन्ट यू ब्रिंग इट अप, आप्पा?"

का काढला नाही विषय?

आप्पांनी मान तिरकी केली. डोळे बारीक केले. ते माझी थट्टा करत नव्हते, त्यांना खरोखर शंका आली होती.

"व्हाया?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला गेले तर तीनही गावं एकदम समोर आली होती. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालायला शिकलेला, त्या नेहमी एक वर एक खाली घालणारा माणूस समोर बसला होता, मांडीवर तो टॉवेल होता, आणि आमच्या दोघांत इतकी वर्षं न काढलेला विषय.

"विनाथांबा," मी मराठीत म्हटलं. "उठा. चप्पल घाला."

"रिक्षानं?"

"रिक्षानं."

ते उठले. दाराशी एक पाय चपलेत घालून थांबले. "मी बरोबर बोललो न्हवं? ते 'हॅव बीन'?"

"बरोबर बोललात."

"तू बी आज बरी बोललीस," आप्पा म्हणाले. "पोपटावानी न्हाई."


पाटी: गेट थ्रू

निभावून पार पडणे. आईचंच दुखणं निघालं, पण वेळेवर सापडलं. सहा महिने गोळ्या चालल्या. परीक्षा मी पुट ऑफ केली, त्यावरून आप्पा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, कुठल्याच भाषेत. पुढच्या तारखेला ते स्वतः मला स्टँडवर सोडायला आले आणि पुण्याची गाडी लागली तेव्हा पाटीकडे न बघता कंडक्टरला विचारलं, "व्हाया?"

आता मी आयर्लंडमध्ये, लिमरिकला असते. रविवारी फोन करते. आप्पा पाऊसपाणी सांगतात, कोण वारलं, कुणाचा पोरगा पासआउट झाला ते सांगतात. बहुतेक रविवार तेवढ्यावरच संपतात.

एखाद्या रविवारी मात्र बोलता बोलता ते थांबतात. खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो. घसा साफ करतात, आणि पुकारायच्या नव्हे, त्या दुसऱ्या आवाजात म्हणतात, "इंग्लिश प्लीज."

मग मी हातातलं काम बाजूला ठेवते, दार लोटते आणि बसून घेते.

"गुड आफ्टरनून," मी म्हणते. "आय ॲम सिस्टर करुणा. हाऊ कॅन आय हेल्प यू टुडे?"